मूर्तिशिल्पांचे छायाचित्रण, वऱ्हाडातील

देवालये, लेणी व मूर्ती यांची छायाचित्रे घेऊन त्यांची पद्धतशीर नोंद ठेवण्याची प्रथा भारतात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाली. वऱ्हाडात, म्हणजे आजच्या अकोला, वाशिम, बुलढाणा, अमरावती व यवतमाळ या जिल्ह्यांच्या प्रदेशात, या कामाचा प्रारंभ १८६० च्या सुमारास झाला. शतकाच्या अखेरीस पुरातत्त्वीय सर्वेक्षणाने त्याला निश्चित स्वरूप दिले. या छायाचित्रांमुळे मध्ययुगीन मंदिरशिल्पांचा कालक्रम व शैली यांचा अभ्यास शक्य झाला. त्याचबरोबर पूजेतील ‘देव’ आणि अभ्यासातील ‘शिल्प’ अशा दोन दृष्टी एकाच मूर्तीच्या ठिकाणी परस्परांपासून वेगळ्या होऊ लागल्या. या विषयाचे सांस्कृतिक महत्त्व मुख्यतः या विभाजनात आहे.

पूर्वपीठिका : लूई दागेअर (१७८७–१८५१) याची छायाचित्रणपद्धती १८३९ मध्ये पॅरिस येथे जाहीर झाली आणि थोड्याच काळात ती मुंबई व कलकत्ता या शहरांपर्यंत पोहोचली. १८५४ मध्ये मुंबईत छायाचित्रणाला वाहिलेली संस्था स्थापन झाली. तिच्या सभासदांत यूरोपियनांबरोबर एतद्देशीयही होते. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी, तसेच व्यवसायाने छायाचित्रकार असलेले हरिश्चंद्र चिंतामण यांची नावे त्यांत विशेष उल्लेखनीय आहेत. प्राचीन वास्तूंची चित्रे आरेखकांकडून काढून घेण्यापेक्षा छायाचित्रे घेणे अधिक खात्रीचे व कमी खर्चाचे आहे, असे ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांचे मत याच सुमारास बनले. त्यानुसार मुंबई सरकारने १८५५ मध्ये टॉमस बिग्झ या तोफखान्यातील अधिकाऱ्याची विजापूर, बदामी, ऐहोळे इ. स्थळांच्या छायाचित्रणासाठी नेमणूक केली. त्याच्यामागून डॉ. विल्यम हेन्री पिगू याने हे काम पुढे चालविले.

वऱ्हाड हा मुंबई इलाख्याचा भाग नव्हता. १८५३ च्या तहान्वये हैदराबादच्या निजामाने हा प्रदेश कंपनी सरकारच्या कारभाराखाली दिला होता. त्यामुळे मुंबई सरकारच्या वरील योजनेत येथील मंदिरांचा समावेश झाला नाही. त्यांचे पहिले महत्त्वाचे छायाचित्रण अजिंठ्याकडून, म्हणजे वऱ्हाडच्या पश्चिम सीमेकडून झाले.

रॉबर्ट गिलचे कार्य : मद्रासच्या सैन्यातील अधिकारी रॉबर्ट गिल (१८०४–७९) हा १८४४ पासून अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या मोठ्या आकाराच्या तैलरंगी प्रतिकृती तयार करीत होता. त्यांपैकी लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडलेल्या बहुतेक प्रतिकृती १८६६ च्या आगीत जळाल्या. त्यापूर्वीच गिल छायाचित्रणाकडे वळला होता. द्विनेत्री कॅमेऱ्याने घेतलेली त्याची छायाचित्रे १८६४ मध्ये जेम्स फर्ग्यूसन (१८०८–८६) याच्या विवरणासह लंडन येथे दोन ग्रंथांतून प्रसिद्ध झाली. एक ग्रंथ लेण्यांवर होता, तर दुसऱ्यात पश्चिम भारतातील वास्तू व निसर्ग यांची शंभर चित्रे होती. लोणारच्या सरोवराभोवतीची मंदिरे आणि अजिंठ्याजवळील अन्वा येथील मंदिर यांची छायाचित्रे गिलने घेतली. उत्तरायुष्यातही तो याच भागात राहिला. १८७९ मध्ये त्याचा मृत्यू झाला. त्याची कबर भुसावळ येथे आहे.

द्विनेत्री छायाचित्रणात माणसाच्या दोन डोळ्यांमधील अंतराइतक्या अंतरावर बसविलेल्या दोन भिंगांतून एकाच वस्तूची दोन चित्रे घेतात. ती विशिष्ट दर्शकयंत्रातून पाहिली असता वस्तूला खोली असल्याचा भास होतो. मूर्तीचा उठाव, स्तंभाची खोदणी, छतातील कमळाच्या पाकळ्यांचे एकावर एक आलेले थर इ. गोष्टी सपाट चित्रापेक्षा अशा चित्रांत अधिक स्पष्ट दिसतात. वऱ्हाडात कधीही न आलेल्या वाचकाला लोणारच्या मंदिराचा सभामंडप जणू प्रत्यक्ष पाहता येऊ लागला, तो या युक्तीमुळे. मात्र दर्शकयंत्रातून पाहणारा वाचक त्या मंडपात एकटाच असे. तेथील घंटानाद, तेलाचा वास आणि दर्शनासाठी आलेली माणसे यांपैकी काहीही त्याच्यापर्यंत पोहोचत नसे.

फर्ग्यूसनने छायाचित्राला पुराव्याचे स्थान दिले. १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनात त्याने भारतीय वास्तूंची छायाचित्रे मोठ्या संख्येने मांडली. १८७६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय व पौर्वात्य वास्तुकलेच्या इतिहासात अन्वा येथील मंदिराचा परिचय त्याने गिलच्या छायाचित्राच्या आधारे करून दिला. जुन्या वास्तूंची छायाचित्रे घेण्याकडे भारत सरकारनेही याच काळात लक्ष दिले. १८६८ मध्ये मुंबई सरकारने अंबरनाथच्या शिवमंदिराची रेखाचित्रे, छायाचित्रे व साचे तयार करण्याचे काम हाती घेतले. महाराष्ट्रातील एकाच मंदिराच्या सर्वांगीण नोंदीचा हा आरंभीचा मोठा प्रयत्न होय.

तंत्र व त्याच्या मर्यादा : गिलच्या काळी ओल्या काचपट्टीची पद्धत प्रचारात होती. फ्रेडरिक स्कॉट आर्चर याने ती १८५१ मध्ये प्रसिद्ध केली. काचेवर कलोडियनचा पातळ थर देऊन ती रौप्य नायट्रेटाच्या विद्रावात बुडवीत व ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून चित्र घेत. थर वाळण्यापूर्वी चित्र विकसित करावे लागे. म्हणून अंधारी राहुटी, काचा, रसायने व पाणी हा सर्व सरंजाम मंदिराच्या दारापर्यंत न्यावा लागे. वऱ्हाडच्या उन्हाळ्यात थर लवकर वाळे आणि धुळीचे कण त्यावर चिकटत. मुंबई–नागपूर लोहमार्ग १८६७ मध्ये अकोल्यावरून नागपूरपर्यंत पूर्ण झाला, तरी लोणार, मेहकर, शिरपूर यांसारखी स्थळे लोहमार्गापासून दूरच होती. तेथे बैलगाडीनेच जावे लागे. १८८० च्या सुमारास तयार कोरड्या काचपट्ट्या बाजारात आल्यावर हे काम पुष्कळच सुकर झाले.

येथील पाषाणही छायाचित्रणाला अनुकूल नव्हता. वऱ्हाडातील मंदिरे बहुतांशी काळ्या बेसाल्टची आहेत. या दगडावरून प्रकाशाचे परावर्तन कमी होते. त्यात गाभाऱ्यात उजेड नसे आणि समईच्या काजळीने भिंती काळवंडलेल्या असत. अंधाऱ्या अंतर्भागात आरसे किंवा पांढरी कापडे धरून सूर्यप्रकाश आत वळविणे हा त्या काळी छायाचित्रकारांचा एक सर्वसाधारण उपाय होता. तरीही छायाचित्रांत मंदिराचा बाह्यभाग, मंडप आणि स्तंभ यांचेच प्रमाण जास्त राहिले.

सर्वांत अर्थपूर्ण मर्यादा रंगाची होती. आरंभीच्या काचपट्ट्या निळ्या व जांभळ्या किरणांना संवेदनक्षम असत. तांबड्या व नारिंगी रंगांची नोंद त्यांवर जवळजवळ होत नसे. त्यामुळे निळे आकाश छायाचित्रात पांढरे उतरे आणि शेंदूर काळा दिसे. मारुती, गणपती, भैरव व ग्रामदेवता यांना शेंदूर लावण्याची प्रथा महाराष्ट्रात सर्वत्र आहे. शेंदूर हे देवत्वाचे दुरूनही ओळखू येणारे चिन्ह होय. वाटेवरच्या साध्या दगडाला शेंदूर लागला, की त्याचा देव होतो. हेच चिन्ह छायाचित्रात नाहीसे होई आणि शेंदूरचर्चित देव काळपट, अवयव न दिसणारा गोळा म्हणून उमटे. अशा मूर्तींना ओबडधोबड समजून अभ्यासकांनी बाजूला सारले असल्यास त्यात अभिरुचीइतकाच रसायनाचाही भाग होता. सर्व रंगांना संवेदनक्षम अशा काचपट्ट्या विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात उपलब्ध झाल्या. तोपर्यंत वऱ्हाडातील मंदिरांच्या पहिल्या नोंदी पूर्ण झाल्या होत्या.

पुरातत्त्वीय सर्वेक्षण : पश्चिम भारताच्या पुरातत्त्वीय सर्वेक्षणाचे कार्य जेम्स बर्जेस (१८३२–१९१६) याच्या नेतृत्वाखाली १८७४ मध्ये सुरू झाले. हेन्री कझिन्स (१८५४–१९३३) हा १८८१ मध्ये त्याचा साहाय्यक झाला आणि १८९१ पासून १९१० पर्यंत त्याने या विभागाचे प्रमुखपद सांभाळले. मध्य प्रांत व वऱ्हाड यांतील प्राचीन अवशेषांची त्याने तयार केलेली यादी १८९७ मध्ये प्रसिद्ध झाली. दख्खनमधील मध्ययुगीन मंदिरांवरील त्याचा सचित्र ग्रंथ मात्र पुष्कळ उशिरा, १९३१ मध्ये प्रकाशात आला. लोणारच्या दैत्यसूदन मंदिरासारखी वऱ्हाडातील देवालये या ग्रंथामुळे अंबरनाथ, सिन्नर इ. ठिकाणच्या देवालयांच्या पंक्तीत ठेवून पाहता आली.

गिल आणि कझिन्स यांच्या दृष्टींत फरक आहे. गिलच्या चित्रांत वास्तूबरोबर भोवतालची झाडी, पाणी व पडझड यांचे आकर्षण जाणवते. सर्वेक्षणाच्या छायाचित्रांत मंदिर शक्य तितके समोरून व स्वच्छ उजेडात घेण्याकडे लक्ष असते. चित्र, तलविन्यास, मोजमापे आणि शिलालेखाचा ठसा हे एकाच नोंदीचे भाग मानले जातात. आकाराची कल्पना यावी म्हणून एखाद्या स्तंभाजवळ गावकऱ्याला उभे करण्याची पद्धत एकोणिसाव्या शतकातील अशा चित्रणात सर्वत्र होती. मंदिराची उंची त्या माणसावरून मोजली जाई, परंतु त्याचे नाव नोंदविले जात नसे. त्या देवाशी त्याचे नाते गुरवाचे, पुजाऱ्याचे, भक्ताचे की केवळ वाटसरूचे होते, हे चित्रावरून कळत नाही.

निवडीचे स्वरूप : हिंदू मूर्तिशास्त्राप्रमाणे भंगलेली मूर्ती सामान्यतः पूजेस वर्ज्य असते. अशी मूर्ती विसर्जित करतात किंवा मंदिराच्या आवारात ठेवून देतात. परधर्मीयांना गाभाऱ्यात प्रवेश नसे. खंडित मूर्तीपर्यंत जाण्यास मात्र कोणाचाही अटकाव नसे. पूजेतील मूर्तीवर वस्त्रे, अलंकार, फुले व लेप असत, तर पूजेबाहेरची मूर्ती उघडी व उजेडात पडलेली असे. परिणामी पूजेतून बाद झालेल्या मूर्ती छायाचित्रणाला सुलभ ठरल्या आणि पूजेतील मूर्ती बहुधा त्याच्या कक्षेबाहेर राहिल्या. ओसाड मंदिरे व भग्न शिल्पे यांनी भरलेले हे चित्रसंग्रह पाहणाऱ्याला येथील धर्मजीवनच लयाला गेले असावे, असा समज होणे स्वाभाविक होते. प्रत्यक्षात लोणारला सरोवरकाठच्या कमळजादेवीची पूजाअर्चा चालू होती, धारेच्या पाण्यात यात्रेकरू स्नान करीत होते आणि बार्शी टाकळी येथील देवीच्या जुन्या मंदिरात नवरात्र होत होते. छायाचित्रातील एकाकीपण हे प्रदेशाचे नव्हते. ते बव्हंशी निवडीतून आलेले होते.

अर्थनिर्णयन : छायाचित्रांचे पहिले मोठे फळ म्हणजे तुलना. एकमेकांपासून शेकडो कि.मी. अंतरावरील मंदिरांचे स्तंभ, द्वारशाखा व अधिष्ठानाचे थर एकाच मेजावर ठेवून पाहता येऊ लागले. महाराष्ट्रात चुन्याशिवाय रचलेल्या सर्व जुन्या दगडी मंदिरांना ‘हेमाडपंती’ म्हणण्याचा लोकप्रघात होता. यादव राजे महादेव व रामचंद्र यांचा मंत्री हेमाद्री याने ती बांधली, अशी त्यामागील समजूत होती. १८७० च्या वऱ्हाड गॅझेटियरनेही हा शब्द स्वीकारला. कोरीव लेख व शैलीची तुलना यांमुळे ही समजूत टिकली नाही. अंबरनाथच्या मंदिरातील लेख शके ९८२ (इ. स. १०६०) चा असून हेमाद्री त्यानंतर सुमारे दोन शतकांनी झाला. अकोला जिल्ह्यातील बार्शी टाकळी येथील शिलालेख शके १०९८ चा, म्हणजे ११७६-७७ च्या सुमाराचा आहे. त्यात हेमाद्रिदेव नावाच्या राजाचा उल्लेख येतो. परंतु तो स्थानिक राजा असून यादवांच्या मंत्र्याहून भिन्न व त्याच्या बराच आधीचा आहे. नावाच्या साम्याने घोटाळा कसा वाढतो, याचे हे बोलके उदाहरण होय. ‘हेमाडपंती’ ही संज्ञा आज एका व्यक्तीची निर्मिती या अर्थाने नव्हे, तर बांधणीच्या पद्धतीचे सोयीचे नाव म्हणून वापरतात.

तथापि छायाचित्र आपोआप खरे बोलते, हा आरंभीचा विश्वास मूर्तिविज्ञानाच्या क्षेत्रात अपुरा ठरतो. विष्णूच्या चोवीस मूर्ती शंख, चक्र, गदा व पद्म ही आयुधे कोणत्या हातात आहेत, एवढ्यावरूनच ओळखल्या जातात. रूपमंडन या ग्रंथातील क्रमानुसार केशवाच्या खालच्या उजव्या हातात पद्म, वरच्या उजव्या हातात शंख, वरच्या डाव्या हातात चक्र आणि खालच्या डाव्या हातात गदा असते. याच मूर्तीचे चित्र उलट बाजूने छापले गेले, तर हाच क्रम गदा, चक्र, शंख व पद्म असा होतो आणि केशवाचा माधव बनतो. नारायणाचा याच रीतीने गोविंद होतो. काचपट्टी पालथी पडली किंवा छायाचित्रावरून लाकडी ठसा कोरताना डावे-उजवे बदलले, तरी स्तंभाच्या किंवा शिखराच्या चित्रात फारसे बिघडत नाही. मूर्तीच्या बाबतीत मात्र देवच बदलतो. म्हणून जुन्या छायाचित्रावरून मूर्ती ओळखताना प्रत्यक्ष मूर्तीशी ताडून पाहणे आवश्यक ठरते.

शैलीवर भर देणाऱ्या आरंभीच्या अभ्यासकांनी स्तंभ व तलविन्यास यांकडे जितके लक्ष दिले तितके मूर्तीच्या अर्थाकडे दिले नाही. अन्वा येथील मंदिर फर्ग्यूसनला त्याच्या रचनेमुळे महत्त्वाचे वाटले. त्याच्या बाह्यांगावर वैष्णव आयुधे धारण केलेल्या देवींच्या मूर्ती आहेत. विष्णूच्या शक्ती म्हणून त्यांची केलेली ओळख पुढील काळातील भारतीय संशोधकांची आहे. या प्रकारच्या अभ्यासात गो. बं. देगलूरकर यांचे कार्य महत्त्वाचे असून महाराष्ट्रातील मंदिरांचे स्थापत्य व शिल्प यांवरील त्यांचा ग्रंथ १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. गिलने टिपलेल्या मंदिराचा धार्मिक आशय उलगडण्यास, याप्रमाणे, मूर्तिशास्त्राच्या परंपरेचे ज्ञान असलेली दृष्टी आवश्यक ठरली.

मेहकर व शिरपूर : मूर्ती ही कलावस्तू की देव, हा प्रश्न वऱ्हाडात केवळ तात्त्विक राहिला नाही. बुलढाणा जिल्ह्यातील मेहकर येथे १८८८ मध्ये जमिनीत विष्णूची भव्य मूर्ती सापडली. काळ्या पाषाणाची ही मूर्ती मनुष्याकृतीहून बरीच उंच असून तिचे कोरीवकाम अत्यंत सूक्ष्म आहे. स्थानिक परंपरेनुसार ती इंग्लंडातील संग्रहालयात नेण्याचा सरकारी अधिकाऱ्यांचा विचार होता. तो कळताच गावकऱ्यांनी तिची तातडीने विधिपूर्वक प्रतिष्ठापना केली. प्रतिष्ठापनेनंतर ती सापडलेली वस्तू न राहता गावाचे दैवत झाली व तिचे स्थलांतर टळले. शारंगधर बालाजी या नावाने ती आजही पूजेत आहे. या हकीकतीचा सर्व तपशील परंपरेवर आधारलेला असला, तरी तिचे मर्म लक्षणीय आहे. खोदून निघालेल्या मूर्तीचे मोल सरकारी नोंदीत शिल्प म्हणून ठरण्यापूर्वी गावाने ते पूजेच्या मार्गाने ठरविले.

शिरपूर (जैन) हे अंतरिक्ष पार्श्वनाथाचे तीर्थक्षेत्र पूर्वी बासीम जिल्ह्यात होते. १९०५ मध्ये तो जिल्हा अकोल्यात विलीन झाला. १९९८ पासून हे क्षेत्र वाशिम जिल्ह्यात आहे. येथे दोन मंदिरे आहेत. गावाबाहेरचे जुने शिल्पयुक्त दगडी मंदिर पवळी मंदिर म्हणून ओळखले जाते. ज्या मूर्तीच्या दर्शनासाठी दूरदूरचे यात्रेकरू येतात ती मात्र गावातील मंदिराच्या भुयारात आहे. मूर्ती जमिनीला न टेकता अधांतरी असल्याची श्रद्धा तिच्या ‘अंतरिक्ष’ या नावात व्यक्त झाली आहे. वास्तुशैलीच्या अभ्यासकाला जुने मंदिर महत्त्वाचे वाटते, तर भाविकाच्या दृष्टीने भुयारातील मूर्ती हेच शिरपूर होय.

या मूर्तीचा पृष्ठभागच पुढे वादाचा विषय झाला. दिगंबर व श्वेतांबर या दोन्ही जैन संप्रदायांची ती उपास्य आहे. दिगंबर परंपरेत तीर्थंकराची मूर्ती निरलंकार असते, तर श्वेतांबर परंपरेत तिला चक्षू व अलंकार अर्पण करतात. मूर्तीवरील लेप, कटिसूत्र व चक्षू यांवरून निर्माण झालेला वाद अकोल्याच्या न्यायालयातून वरिष्ठ न्यायालयांत गेला व १९२९ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने त्यावर निर्णय दिला. वाद तेवढ्याने मिटला नाही. १९८१ पासून मंदिर दीर्घकाळ बंद राहिले आणि २०२३ मध्ये पुन्हा उघडले. पुरातत्त्वीय दृष्टीला लेप म्हणजे मूळ शिल्प झाकणारे आवरण वाटते. उपासकांच्या दृष्टीने लेपाची जडणघडण हाच मूर्तीच्या ओळखीचा प्रश्न असू शकतो. एका विशिष्ट क्षणीचे छायाचित्र मूर्ती त्या दिवशी कशी दिसत होती ते सांगेल. ती कशी असावी, हे त्यावरून ठरत नाही.

महाराष्ट्रात अन्यत्रही असे प्रश्न उद्‌भवतात. नासिक जिल्ह्यातील वणी येथील सप्तशृंगी देवीच्या मूर्तीवर पिढ्यान्‌पिढ्या साठलेला शेंदराचा थर २०२२ मध्ये काढल्यावर तिचे पूर्वी न दिसलेले रूप प्रकट झाले. मूर्तीचे ‘मूळ’ रूप कोणते मानावे, शिल्पकाराच्या हातून उतरलेले की भक्तांच्या हातांनी घडत गेलेले, हा विचार अशा प्रसंगी अटळ ठरतो.

देवाचा ‘फोटो’ : छायाचित्रणाने मूर्ती पूजेपासून अलग केली, हे या विषयाचे अर्धेच चित्र होय. शतकाच्या अखेरीस चित्रमुद्रणाचा प्रसार झाला. राजा रविवर्मा (१८४८–१९०६) यांचा शिलामुद्रणाचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला. देवदेवतांची रंगीत चित्रे काचेच्या चौकटीत बसून सामान्य घरांत आली. मराठी बोलण्यात अशा छापील चित्राला सर्रास ‘देवाचा फोटो’ म्हणतात. ते कॅमेऱ्याने घेतलेले असो वा नसो. या फोटोला हार घालतात, काचेवर कपाळाच्या जागी गंध किंवा कुंकू लावतात व त्यापुढे निरांजन ओवाळतात. शेगावचे संत श्री गजानन महाराज (समाधी १९१०) यांची प्रतिमा वऱ्हाडातील घराघरांत याच रूपाने पूजिली जाते. पंढरपूर किंवा शिरपूर येथील गाभाऱ्यातील देवाचे रूपही चित्राच्या द्वारे दूरच्या घरात पोहोचते.

ही दोन प्रकारची चित्रे एकाच युगाची अपत्ये आहेत. सर्वेक्षणाच्या छायाचित्रात मूर्तीवरील कुंकू-शेंदूर काळा पडून अर्थहीन झाला. घरातील फोटोच्या काचेवर भक्ताने तोच पुन्हा स्वतःच्या हाताने लावला. पहिले चित्र मोजण्यासाठी व तुलनेसाठी होते. दुसरे दर्शनासाठी होते, आणि दर्शनाच्या कल्पनेत भक्त देवाला पाहतो एवढेच नव्हे, तर देवही भक्ताकडे पाहतो. म्हणूनच घरच्या फोटोत देवाचे डोळे स्पष्ट व समोर असतात, तर पुरातत्त्वीय छायाचित्रात डोळ्यांपेक्षा मोजपट्टीला अधिक महत्त्व असते.

जतन व मूल्यमापन : एकोणिसाव्या शतकातील या छायाचित्रांचे मोठे संग्रह भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याकडे आणि पूर्वीच्या इंडिया ऑफिसच्या चित्रसंग्रहाद्वारे लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत जतन झाले आहेत. १९०४ च्या प्राचीन स्मारक संरक्षण अधिनियमानंतर स्मारकांच्या दुरुस्तीसाठी जुन्या छायाचित्रांचा आधार घेणे ही मान्य रीत झाली. ढासळलेली भिंत, मागाहून घातलेले विटांचे बांधकाम, हरवलेले शिल्प यांचा छडा लावण्यास त्यांचा उपयोग होतो. चोरीस गेलेल्या मूर्तींच्या बाबतीत तर जुने छायाचित्र हा मूर्ती मूळ ठिकाणची असल्याचा निर्णायक पुरावा ठरू शकतो. केवळ अभ्यासासाठी घेतलेले चित्र अशा वेळी देवाला त्याच्या गावी परत आणण्याचे साधन बनते.

त्यामुळे या छायाचित्रांकडे केवळ परकीय सत्तेचा दृष्टिक्षेप म्हणून पाहणे जसे एकांगी आहे, तसेच त्यांना निर्दोष साक्षीदार मानणेही चुकीचे आहे. भाजून काढणाऱ्या उन्हात, ओल्या काचा सांभाळीत ज्यांनी ही नोंद केली त्यांच्यामुळे वऱ्हाडच्या शिल्पवैभवाला भारतीय कलेतिहासात स्थान मिळाले. मात्र जे उघडे, भग्न व उजेडात होते तेवढेच त्या नोंदीत उतरले. झाकलेले, पूजेतील व अंधारातले देव आणि त्यांची सेवा करणारी माणसे तिच्या बाहेर राहिली. त्यांची माहिती स्थलपुराणे, पुजाऱ्यांची व गुरवांची परंपरा, यात्रांचे दिनक्रम आणि गावोगावच्या आठवणी यांतून मिळवावी लागते. छायाचित्रांच्या जोडीला ही माहिती ठेवल्यावरच बार्शी टाकळीची देवी, लोणारचा दैत्यसूदन किंवा मेहकरचा बालाजी यांचे शिल्पत्व आणि देवत्व ही दोन्ही एकत्र ध्यानात येतात.